परवानगीशिवाय सुरू होणारे सत्तावीस

चाँदभाई तांबोळींचा कॉम्प्युटर सुरू व्हायला सतरा मिनिटं चाळीस सेकंद घेत असे. ही वेळ अंदाजानं सांगितलेली नाही. चाँदभाई लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर एकोणतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते आणि अंदाजानं वेळ सांगणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. त्यांनी ओळीनं तीन सकाळी घड्याळ लावून मोजलं, वहीत नोंद केली आणि सरासरी काढली. बटण दाबायचं, चहा ठेवायचा, उकळायचा, गाळायचा, प्यायचा, कप विसळून पालथा घालायचा, तेव्हा कुठे पडद्यावरचा बाण जागचा हलायचा. निवृत्त माणसाला याचं काही वाटायचं कारण नव्हतं. त्यांनाही आजवर वाटलं नव्हतं. वाटलं ते नोटीस आल्यावर.

नोटीस हसिनाबींच्या नावाची होती. हसिनाबी म्हणजे चाँदभाईंच्या पत्नी, वलवणच्या अंगणवाडीतल्या सेविका. त्या रुजू झाल्या नव्याण्णव सालच्या जूनमध्ये. सेवाज्येष्ठतेच्या यादीत मात्र कुणीतरी दोन हजार एक असं टाकून ठेवलं होतं. मधल्या दोन वर्षांत हसिनाबींनी शिजवलेली खिचडी, केलेली वजनं आणि पुसलेली नाकं यांची कागदोपत्री काही गणतीच नव्हती. ही तारीख दुरुस्त झाली तर त्या पर्यवेक्षिकापदाच्या बढतीच्या यादीत बसत होत्या. यंदा बसल्या नाहीत तर वयाची अट ओलांडून कायमच्या बाहेर. तीन अर्ज विनाउत्तर गेले होते. चौथ्याला उत्तर आलं ते असं: 'आपल्या अर्जावरील सुनावणी पुढील गुरुवारी सकाळी अकरा वाजता दूरदृश्य प्रणालीद्वारे होईल. मूळ कागदपत्रे पडद्यावर दाखवावीत. विलंबाने जोडल्या जाणाऱ्या अर्जदाराचा अर्ज निकाली काढण्यात येईल.'

"निकाली म्हणजे केराच्या टोपलीत," चाँदभाईंनी अर्थ सांगितला.

"मोबाइलवरून जोडते ना मी," हसिनाबी म्हणाल्या.

पुण्याहून त्यांच्या मुलानं, सोहेलनंही, फोनवर तेच सांगितलं. चाँदभाईंना ही सूचना फार लागली. "तुझी अम्मी पंचवीस वर्षांच्या नोकरीचा हक्क मागायला जाणार, ती चार बोटांच्या काचेतून? समोर साहेब बसलेले, आणि हिनं ऑर्डरचा कागद एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात धरून बोलायचं? घरात अख्खा कॉम्प्युटर असताना?"

"अब्बा, त्या कॉम्प्युटरला आता दहा वर्षं झाली."

"एसटीत दहा वर्षांच्या गाड्या घाट चढतात," चाँदभाई म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी जाहीर केलं की अजून दहा दिवस हातात आहेत आणि तेवढ्यात हा कॉम्प्युटर ते वेळेवर आणून दाखवतील. तसं करायला हसिनाबींनी त्यांना सांगितलं नव्हतं. पण त्या काही बोलायच्या आत ते वही घेऊन बसले होते.

पहिला सल्ला समोरच्या दत्तोबांचा आला. दत्तोबा मूळचे वडिवळ्याचे. भाताची खाचरं भावाच्या हवाली करून मुलाकडे राहायला आलेले. कुणाच्याही घरात काही उघडून ठेवलेलं दिसलं की ते पायरीवर येऊन बसत.

"चाँदभाई, आमचा ट्रॅक्टर बी असाच व्हता. सकाळच्याला लय त्रास द्यायचा. मग आमी काय केलं, त्यो बंदच न्हाई केला. लावणी हुईस्तोवर चालूच. तुमी ह्याला बंद करता कशापायी?"

यात काहीतरी तथ्य असावं असं चाँदभाईंना वाटलं. बंदच केला नाही तर सुरू व्हायचा प्रश्नच येत नाही, हे तर्कशास्त्र बिनतोड होतं. कॉम्प्युटर दोन दिवस अखंड चालू राहिला. त्याचा पंखा अशी घरघर करू लागला की हसिनाबी दर थोड्या वेळानं गॅसकडे बघून येत. तिसऱ्या दिवशी सकाळी चाँदभाई मोठ्या अपेक्षेनं खुर्चीत बसले, तर पडदा निळा, त्यावर एक गोल फिरतोय आणि खाली लिहिलेलं की अपडेट चालू आहेत, कॉम्प्युटर बंद करू नये. हे पावणेदोन तास चाललं. ते अपडेट कुणी मागवले होते, मालकाला विचारल्याशिवाय मध्येच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करायचा अधिकार त्या यंत्राला कुणी दिला, हे चाँदभाईंनी दत्तोबांना विचारलं. दत्तोबांना ते माहीत नव्हतं. ट्रॅक्टरनं असं कधी केलं नव्हतं, एवढं ते म्हणाले.

मग वरच्या मजल्यावरचा प्रितम आला. प्रितम नवलाख उंबरे गावाजवळच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथे रोबोट आहेत असं त्याच्या बोलण्यात एकदा आल्यापासून चाळीतल्या मिक्सर, गिझर, टीव्ही अशा सगळ्या यंत्रांबाबत त्याचा शब्द अखेरचा मानला जात होता. त्यानं उभ्याउभ्याच निदान केलं. "कचरा झालाय काका आत. साफ करायला एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून देतो."

ते टाकलं. त्यानं आल्याआल्या लाल अक्षरांत कळवलं की या कॉम्प्युटरमध्ये चार हजार तीनशे बारा दोष आहेत. चाँदभाईंनी आकडा पुन्हा वाचला. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सेवापुस्तकात एक शेरा नव्हता, आणि इथे घरच्या घरी चार हजार तीनशे बारा. प्रितमनं एक बटण दाबलं. दोष गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरनं सुरू व्हायला तेवीस मिनिटं घेतली, आणि दोष पुन्हा चार हजार तीनशे बारा होते. एकही इकडचा तिकडे नाही.

"असं कसं होईल," म्हणत प्रितम कामावर जाता जाता खाली आला. त्यानं कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली आणि चाँदभाईंनी आजवर न पाहिलेली एक खिडकी उघडली. "हा टास्क मॅनेजर. हे बघा, मेमरी शहाण्णव टक्के भरलीय. आणि हे स्टार्टअप. कॉम्प्युटर चालू केला की एवढे प्रोग्राम आपोआप सुरू होतात." त्याची कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न वाजवत होती. तो निघून गेला.

चाँदभाई त्या यादीकडे बघत राहिले. सत्तावीस नावं होती.

त्यांना राग येतो म्हणजे काय होतं, हे स्टँडवरच्या जुन्या लोकांना माहीत आहे. ते ओरडत नाहीत. चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात आणि समोरचा माणूस आपोआप कबुलीजबाब देऊ लागतो. त्यांनी चष्मा पुसला, पण इथे समोर माणूस नव्हता. चाँदभाईंच्या नोंदीशिवाय स्टँडच्या फाटकाबाहेर रिकामी गाडीसुद्धा गेली नव्हती, आणि त्यांच्याच बैठकीच्या खोलीत रोज सकाळी सत्तावीस जण न विचारता सुटत होते, हे त्यांच्या मनाला फार लागलं. आपण चहा करत होतो तेव्हा हे चाललं होतं.

त्यांनी वहीत सत्तावीस ओळी आखल्या आणि चौकशी सुरू केली. एक प्रोग्राम प्रिंटरचा होता. तो प्रिंटर सात वर्षांपूर्वी साडूंना देऊन टाकला होता. प्रोग्राम अजून रोज उठून त्याची वाट बघत होता. एक गेमचा निघाला. सोहेलला फोन लावला, तर तो मीटिंगमध्ये होता, "अब्बा, कॉलेजात असताना टाकला असेन" एवढंच म्हणाला. एक हवामान सांगणारा होता, तो कुठल्यातरी परदेशी गावात बर्फ पडतोय असं कळवत होता. गाणी वाजवणारे तीन होते; चाँदभाई गाणी रेडिओवर ऐकत. मीटिंगचे दोन, टाळेबंदीच्या दिवसांतले. प्रितमचा सफाईवाला होताच, आणि त्याच्याबरोबर त्याचा एक जोडीदार आला होता, जो पहिल्याला कुणी काढून तर टाकत नाही ना यावर लक्ष ठेवत होता. हा जोडीदार पाहून चाँदभाईंनी दुसऱ्यांदा चष्मा पुसला.

एकेका नावावर जाऊन ते 'डिसेबल' दाबत गेले. दाबताना तोंडानं नाव घेत. हसिनाबी अंगणवाडीतून आल्या तेव्हा ते "तू पण नाही" असं पडद्याला सांगत होते. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर नऊ मिनिटांत सुरू झाला.

इथे ते थांबले असते तर फार बरं झालं असतं. पण सतराचे नऊ होतात, तर नवाचे दोन का होऊ नयेत, या विचारानं त्यांना चैन पडेना. त्यांनी मोबाइलवर एका गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. ते गृहस्थ फार भरभर बोलत होते, आणि त्यांनी सांगितलेल्या तीन पायऱ्यांपैकी दुसरी चाँदभाईंच्या कानावरून निसटली. 'सर्व्हिसेस' नावाची आणखी एक यादी उघडली. तीत दीडशेच्या वर नावं होती. दीडशे. चाँदभाईंनी एकेकाची चौकशी केली नाही. खाली 'डिसेबल ऑल' असं एकच बटण होतं, ते त्यांनी दाबलं.

त्याच भरात त्यांनी मेमरीचाही निकाल लावला. शहाण्णव टक्के भरलीय म्हणजे आत काहीतरी साठलंय. साठलंय ते काढलं की जागा होते. त्यांनी चौदाशे फोटो आणि कसल्यातरी स्कॅनचे तीन फोल्डर पुसले, आणि कचऱ्याची टोपली लगेच रिकामी केली. कचरा साठवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी सकाळी कॉम्प्युटर दोन मिनिटं दहा सेकंदांत सुरू झाला.

चाँदभाईंनी तो पुन्हा बंद केला, आणि दत्तोबांना, प्रितमला, कोपऱ्यावरच्या शालूबाईंना चहाला बोलावलं. शालूबाईंना कॉम्प्युटरमध्ये रस नव्हता, पण चहाला त्या आल्या. चाँदभाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं, बटण दाबलं आणि उभे राहिले. दोन मिनिटं दहा सेकंद. प्रितमनं टाळ्या वाजवल्या. दत्तोबांनी मान हलवली. "लय झ्याक. आता ह्याच्यावर बाईंचा सायेब कसा दिसंल ते दावा की."

चाँदभाईंनी इंटरनेट उघडलं. ते उघडेना. प्रितमनं मागची वायर काढून घातली. उघडेना. निदान एखादा व्हिडिओ तरी लावू म्हणून घरातल्या एका लग्नाचा लावला, तर नवरा-नवरी दिसत होते, सनईवाला गाल फुगवून वाजवत होता आणि खोलीत शांतता होती. आवाजाच्या चिन्हावर तांबडी फुली होती. प्रितमनं यादी उघडून पाहिली आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"काका, तुम्ही सगळंच बंद केलंय. कॉम्प्युटर सुरू होतोय, पण त्याला कान नाहीत, तोंड नाही, आणि बाहेरचा रस्ता पण नाही."

"दोन मिनिटांत झाला पण," शालूबाई म्हणाल्या. यजमानांना खरंच बरं वाटावं म्हणून त्या म्हणाल्या होत्या. चाँदभाईंना ते टोमण्यासारखं लागलं आणि त्यांनी दुसरा कप कुणाला विचारला नाही.

सोमवारी त्यांनी कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पुढे उभा करून, बाजारातल्या संदेशच्या दुकानात नेला. वाटेत तीन ओळखीचे भेटले आणि तिघांनीही विचारलं, "चाँदभाई, काय विकायला काढलं?" संदेश हा कमी बोलणारा, डोक्यावर दिवा बांधून काम करणारा चाळिशीचा माणूस. त्यानं दीडशे सर्व्हिसेस जागच्या जागी बसवल्या. कान आले, तोंड आलं, बाहेरचा रस्ताही आला.

"दोष कशात आहे ते सांगू का?" तो म्हणाला. "मेमरी कमी आहे. चारच जीबी आहे. आठ करा."

"मेमरी मी परवाच रिकामी केली. चौदाशे फोटो काढून टाकले."

संदेशनं डोक्यावरचा दिवा बंद केला. "काका, ती ही मेमरी नाही. घरात धान्याची कोठी असते आणि स्वयंपाकाचा ओटा असतो. तुम्ही कोठी रिकामी केली. ओटा होता तेवढाच आहे. एकदम सत्तावीस बायका त्या ओट्यावर भाजी चिरायला उभ्या राहणार, तर होणार कसं? कोठीतलं धान्य फेकून ओटा मोठा होत नाही."

चाँदभाई स्टुलावर बसले. फोटो कसले होते ते आता त्यांना एकेक आठवू लागलं. हसिनाबींच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं त्यात. माथेरानची सहल होती. आणि ते स्कॅनचे तीन फोल्डर. "स्कॅन कसले होते ते सांगता येईल का?" त्यांनी हळूच विचारलं. संदेशनं कुठलंतरी यंत्र जोडून खटपट केली आणि निम्मे फोटो परत आणले. स्कॅन काही आले नाहीत. फक्त नावं दिसली. 'हसिना नेमणूक', 'हसिना हजेरी', 'हसिना सेवापुस्तक'.

घरी येऊन हे सांगायला चाँदभाईंना पाऊण तास लागला. आधी त्यांनी मेमरीचे प्रकार समजावले. ओटा आणि कोठी समजावली. हसिनाबी मेथी निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे माझे कागद गेले," त्या म्हणाल्या.

"कागद नाही. कागदांची चित्रं."

हसिनाबी उठल्या, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातले कागद मोजले आणि पिशवी उशीखाली ठेवली. "मूळ माझ्याकडे आहेत. यांना आता तुम्ही हात लावू नका." बहिणीच्या लग्नाच्या फोटोंबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. एखादं वाक्य बोलल्या असत्या तर चाँदभाईंना उत्तर देता आलं असतं. त्यांची दोन उत्तरं तयार होती.

आता रॅम आणायची होती, म्हणजे तो ओटा. इतक्या जुन्या कॉम्प्युटरला बसणारी रॅम लोणावळ्यात नव्हती. पुण्यातल्या एका दुकानात होती. संदेश म्हणाला, कुरिअरनं गुरुवारपर्यंत येईल. चाँदभाईंनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की संदेशनं पुन्हा दिवा लावला.

"गुरुवारी सुनावणी आहे. आणि एसटी असताना कुरिअर कशाला? मंगळवारी सव्वादोनच्या गाडीत कंडक्टरच्या हाती द्यायला सांगा. पावणेचारला माझ्या हातात असेल."

सव्वादोनची गाडी त्यांना तोंडपाठ होती. अकरा वर्षं त्यांनी तिची नोंद केली होती. मंगळवारी साडेतीनलाच ते स्टँडवर जाऊन उभे राहिले, नेहमीच्या फलाटावर, हात मागे बांधून. पावणेचार झाले. चार झाले. साडेचारला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चौकशीच्या खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहून चौकशी केली.

आतली मुलगी नवी होती. पाटीवर नाव होतं सृष्टी. "ती गाडी इकडं येत नाही आता, काका. दीड वर्ष झालं, एक्स्प्रेस वेवरून थेट पनवेलला जाते. वेळापत्रक लावलंय ना तिथं."

वेळापत्रक लावलेलं होतं. स्वच्छ अक्षरात, चाँदभाईंच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तासभर ते त्याच्याकडे पाठ करूनच उभे होते. चूक कुणाची, हा प्रश्न त्यांनी बराच घोळवला, आणि कुठूनही धरला तरी ती आपल्याकडेच येते असं दिसल्यावर त्यांना अधिकच राग आला. त्यातून 'काका'. एके काळी याच खिडकीत त्यांना सगळे 'साहेब' म्हणायचे. पण पोरगी कामाची होती. तिनं पनवेलला फोन लावला, कंडक्टरला गाठलं, पाकीट उतरवून घेतलं आणि लोणावळ्याला येणाऱ्या गाडीत द्यायला सांगितलं. "उद्या येईल. मी स्वतः घेऊन ठेवते. नोंद केलीय," ती म्हणाली. 'नोंद केलीय' हे शब्द ऐकून चाँदभाई जरा निवळले.

बुधवारी दुपारी पाकीट आलं, संध्याकाळी संदेशनं रॅम बसवली. सुरू व्हायची वेळ चार मिनिटं पाच सेकंद. आवाज होता, इंटरनेट होतं. स्टार्टअपच्या यादीत तीन नावं उरली होती, आणि तिघांची ओळख संदेशनं नीट करून दिली होती.

गुरुवारी पावणेअकराला हसिनाबी इस्त्रीची साडी नेसून कॉम्प्युटरसमोर बसल्या. चाँदभाई शेजारी. प्रितमची दुसरी पाळी होती म्हणून तो दारात, दत्तोबा पायरीवर. दहा बावन्नला त्या सुनावणीत जोडल्या गेल्या. पडद्यावर अकरा चौकोन होते. दहांत निरनिराळ्या गावच्या सेविका आणि मधल्या चौकोनात अधिकारी मॅडम. अकराला मॅडमनी "आता आपण" असं म्हटलं आणि तिथेच त्या थांबल्या. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, एक हात हवेत. एक मिनिट गेलं. चार गेली. मॅडम हलल्या नाहीत. सेविकाही आदरानं हलल्या नाहीत.

मग आणखी एक चौकोन उघडला. त्यात कार्यालयातले लिपिक होते, मोबाइलवरून जोडलेले. "मॅडमचा कॉम्प्युटर अडकलेला आहे. सर्वांना पुढची तारीख कळवण्यात येईल."

हसिनाबींचे हात पिशवीवर घट्ट झाले. तीस वर्षांच्या संसारात चाँदभाईंनी ते हात असे घट्ट झालेले दोनदाच पाहिले होते. ते पुढे वाकले आणि त्यांनी आवाजाचं बटण सुरू केलं.

"पुढची तारीख नको, साहेब. आपण मॅडमच्या टेबलापाशी आहात का?"

"आपण कोण?" लिपिकांनी विचारलं.

"ते नंतर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. खिडकी उघडली? मेमरी किती टक्के आहे?"

लिपिक गोंधळले होते, म्हणून त्यांनी सांगितलं. "नव्याण्णव."

"वरून नावं वाचा."

लिपिक वाचू लागले. दहा सेविका ऐकत होत्या. तिसऱ्या नावावर चाँदभाईंनी डोळे मिटले. तो प्रितमचा सफाईवाला होता. पाचवा त्याचा जोडीदार. "तिसऱ्याला काढा. पण आधी पाचव्याला, मग त्याला. उलट केलं तर तो परत येतो. गाण्याचा दिसतोय? काढा. आता हवामानाचा. कुठल्या गावचं सांगतोय ते बघू नका, काढा. आणि साहेब, एक ध्यानात ठेवा. शेजारी सर्व्हिसेस म्हणून एक यादी दिसेल. तिला अजिबात हात लावू नका. अजिबात."

हे शेवटचं वाक्य ते इतक्या मनापासून म्हणाले की दारातला प्रितम जमिनीकडे बघू लागला.

"बासष्ट टक्के," लिपिक म्हणाले, आणि मॅडमचा हवेतला हात खाली आला. "अर्ज घेऊया," असं वाक्य त्यांनी पूर्ण केलं. लिपिकांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. वलवणचा अर्ज आधी घ्या."

पुढचं काम हसिनाबींचं होतं आणि ते त्यांनी चार मिनिटांत केलं. नेमणुकीची ऑर्डर पडद्यासमोर धरली, हात हलू न देता. मग एक जुना हजेरीपट. "मॅडम, हा जून नव्याण्णवचा. तेवीस मुलं आहेत. चौथं नाव कोमल, तेव्हा चार वर्षांची. ही कोमल दोन हजार एकच्या जूनमध्ये पहिलीत गेली, त्या शाळेचा दाखला हा. तुमच्या यादीप्रमाणे मी नोकरीला लागले तेव्हा ती माझ्या अंगणवाडीतून बाहेरसुद्धा पडली होती. तिला अक्षरं मी शिकवली. आता तिची मुलगी येते माझ्याकडे."

मॅडमनी तिन्ही कागद पुन्हा धरायला सांगितले. चष्मा वर केला, खाली केला. "तारखेची दुरुस्ती मान्य. यादी सुधारून पाठवा," त्या म्हणाल्या. हसिनाबींनी कागद पिशवीत घातले, पिशवीची घडी घातली आणि मग पदरानं डोळे टिपले. दत्तोबांनी पायरीवरून विचारलं, "झालं व्हय?" झालं होतं.

शनिवारी सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत ईमेलवर आली. चाँदभाईंनी ती मोठ्यानं वाचायला घेतली. दुरुस्तीची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग खालचा परिच्छेद आला, आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. 'अर्जदार हजर. अर्जदारासमवेत संगणक दुरुस्ती करणारा एक इसम हजर. सदर इसमाने कार्यालयीन संगणकाबाबत तोंडी सूचना दिल्या.'

"इसम," चाँदभाई म्हणाले.

"इसम म्हणजे माणूसच," हसिनाबी म्हणाल्या. त्या आज कशावरही रागावणार नव्हत्या. बहिणीच्या लग्नाचे जे निम्मे फोटो वाचले होते, त्यांत चाँदभाई बरे दिसतात असंसुद्धा त्या सकाळी म्हणाल्या होत्या.

"पंचनाम्यात असतंय त्ये," दत्तोबा म्हणाले. "आमच्या बांधावर मोटारसायकल घावली तवा लिवलं व्हतं. एक अनोळखी इसम पळताना दिसला."

यानं चाँदभाईंचं समाधान होण्यासारखं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. कॉम्प्युटर सुरू केला. कार्यालयाच्या वेबसाइटवरच्या तक्रारीच्या अर्जात 'काय दुरुस्त करावयाचे आहे' यापुढे चारच पर्याय होते: नाव, जन्मतारीख, रुजू दिनांक, बँक खाते. 'इसम' दुरुस्त करायला पर्याय नव्हता. सोमवारी त्यांनी सरळ कार्यालयात फोन लावला. लिपिकांनी आवाज लगेच ओळखला.

"तुम्ही होय. बरं झालं फोन केलात, आम्ही नंबर शोधतच होतो. आमच्या मागच्या खोलीतले दोन कॉम्प्युटर सकाळपासून अडकून पडलेत. तेवढं जरा सांगता का?"

"ते सांगतो. आधी माझं काम. इतिवृत्तात मला इसम म्हटलंय. मी अर्जदाराचा नवरा आहे."

"अच्छा, अच्छा. मग दुरुस्त करायलाच पाहिजे. मॅडमना विचारतो. काय नाव सांगू?"

चाँदभाई खुर्चीत ताठ बसले. "चाँदभाई तांबोळी. अर्जदाराचे पती. सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, लोणावळा."

लिपिकांनी फोन कानापासून दूर धरल्याचं ऐकू आलं. मग त्यांचा आतल्या खोलीच्या दिशेनं दिलेला आवाज, लांबून पण स्पष्ट.

"मॅडम, तो कॉम्प्युटरवाला लाइनवर आहे."

हसिनाबी दारातून बघत होत्या. चाँदभाईंनी वही पुढे ओढली, नव्या पानावर दोन ओळी आखल्या आणि जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं, "पहिल्यावर किती टक्के दाखवतंय?"